टॅकल न शिकवणारा कोच

प्रश्न : अमेरिकन फुटबॉल म्हणजे पाडापाडीचा खेळ. तरी जॉन गलार्डी नावाच्या एका लहान कॉलेजच्या कोचने सरावात टॅकलच, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणंच, बंद केलं होतं आणि कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वाधिक सामनेही जिंकले, असं वाचलं. हे खरं आहे का? मग बचाव शिकवायचा कसा?

उत्तर : अगदी खरं आहे. मिनेसोटातल्या कॉलेजव्हिल इथल्या सेंट जॉन्स विद्यापीठात १९५३ ते २०१२ अशी साठ वर्षं त्यांनी संघ घडवला. सरावात कुणी कुणाला जमिनीवर पाडायचं नाही, ढकलायचा लोखंडी गाडा (स्लेड) नाही, शिट्टी नाही, मैदानाला फेऱ्या नाहीत आणि सराव दीड तासाच्या वर नाही. खेळाडूंनी ‘कोच’ न म्हणता ‘जॉन’ म्हणायचं.

त्यांचं म्हणणं साधं होतं : कॉलेजात येणाऱ्या मुलाला पाडता येतंच, तो चुकतो ते योग्य जागी वेळेत न पोहोचल्यामुळे. म्हणून वाचलेला सगळा वेळ प्रतिस्पर्ध्याची चाल ओळखण्यावर जायचा. बचावाच्या दुसऱ्या फळीत उभ्या असणाऱ्या लाइनबॅकरचंच घ्या. चेंडू सुटताच तो समोरच्या गार्डकडे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या ओळीतल्या खेळाडूकडे, बघतो. गार्ड पुढे आला तर चेंडू घेऊन धावणारा आतून येणार. तो मागे सरून, हात वर करून उभा राहिला तर पास. ओळीतून बाहेर पडून आडवा धावू लागला तर चेंडू बहुधा त्याच बाजूला जाणार. लाइनबॅकरने पहिली दोन पावलं बरोबर टाकायची, चेंडूवाल्यासमोर छाती आणायची, हात लावायचा आणि सोडून द्यायचं. मग पुन्हा तीच चाल, पुन्हा तीच पावलं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे नजर गार्डवरून उडून मागच्या धावपटूवर जाते, हुलकावणी बसते आणि पहिलंच पाऊल उलट्या दिशेला पडतं. एकदा ते पडलं की कितीही ताकद असली तरी उपयोग नाही.

शिवाय आपल्याच मित्राच्या धडकेने आपलाच माणूस जायबंदी होत नाही. हे लाड नव्हेत, हिशेब आहे. पुढे डार्टमथ कॉलेजचे कोच बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये खेळाडूंनी एकमेकांना सरावात टॅकल करणं बंद केलं, नंतर त्यासाठी चाकांवर पळणारी डमी आणली. २०१६ मध्ये आयव्ही लीगच्या, म्हणजे डार्टमथसह आठ जुन्या विद्यापीठांच्या गटाच्या, कोचनी हंगामातल्या सरावापुरता तोच नियम एकमताने स्वीकारला. गलार्डी तिथे कितीतरी आधी पोहोचले होते!

प्रश्न : ते मोठ्या विद्यापीठात का गेले नाहीत? सुरुवात कुठून झाली?

उत्तर : कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावातून. १९४३ मध्ये शाळेचा कोच युद्धावर गेला आणि सोळा वर्षांच्या जॉनने संघ हातात घेतला. त्या काळी सरावात पाणी पिणं कमकुवतपणाचं मानत, त्याने पाणी सुरू केलं. १९४९ पासून मोंटानातलं कॅरल कॉलेज, तिथे २४ विजय, ६ पराभव, १ बरोबरी. मग सेंट जॉन्स. लहान कॉलेजात एकच खेळ सांभाळून भागत नाही, त्यामुळे सुरुवातीला हॉकीचा संघही त्यांच्याकडेच होता. तिथे त्यांना हवा तसा सराव घ्यायची मोकळीक मिळाली. माझ्या मते त्यांच्या मुक्कामाचं खरं कारण तेच असावं.

प्रश्न : गलार्डींच्या नावावर एकूण ४८९ विजय, १३८ पराभव आणि ११ बरोबऱ्या आहेत. फुटबॉलमध्ये बरोबरी कशी?

उत्तर : कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळेचा नियम १९९६ मध्ये सर्वत्र लागू झाला, बरोबऱ्या त्याआधीच्या. ग्रॅम्बलिंग विद्यापीठाचे कोच एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम गलार्डींनी ८ नोव्हेंबर २००३ रोजी मोडला. त्याच डिसेंबरात गलार्डींच्या संघाने डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे सेंट जॉन्ससारख्या लहान कॉलेजांच्या गटाच्या, अंतिम सामन्यात माउंट युनियनच्या संघाला २४-६ असं हरवलं आणि त्या संघाची सलग ५५ विजयांची मालिकाही तोडली.

प्रश्न : आम्ही मिनिआपोलिसला असतो. मुलगा शाळेच्या संघात आहे. अशा कॉलेजात खेळासाठी शिष्यवृत्ती मिळेल का?

उत्तर : नाही. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाच्या जोरावर पैसे देताच येत नाहीत. मदत मिळते ती गुणांवर आणि घरच्या उत्पन्नावर, म्हणून ‘तुमचं मी बघतो’ असं कुणी कोच म्हणाला तरी लेखी आकडा कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाकडूनच घ्या. सरकारी मदतीचा फाफ्सा अर्ज नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना भरता येतो. मुलगा एच-४ व्हिसावर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असेल तर ती वाट बंद, कॉलेजची स्वतःची मदत तेवढी विचारायची.

कोचला पाठवायच्या व्हिडिओत सर्वांत चांगल्या चाली आधी ठेवा आणि प्रत्येक चालीआधी मुलाभोवती गोल काढा, नाहीतर बावीस जणांत तो सापडत नाही. कॉलेज बघायला जाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा : हंगामात आठवड्यातले किती दिवस पूर्ण धडकेचा सराव असतो?