डिझेल पिकअप सकाळी कडकड वाजते, गरम झाल्यावर आवाज कमी होतो. काळजी करावी का?

तुम्ही लिहिलंय की गुहागरला जुनी पिकअप घेतली, सकाळी सेल्फ मारला की कडकडते, थोड्या वेळाने मवाळ होते, आणि मेकॅनिक म्हणतो "डिझेल आहे, आवाज करणारच."

आधी तुमच्या सकाळच्या आवाजाचं सांगते. गरम झाल्यावर तो मावळत असेल, धूर साफ असेल आणि गाडी चढाला नीट ओढत असेल, तर बहुतेक काही झालेलं नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. इंजिन थंड असलं की ते जरा उशिरा पेटतं, तोवर साठतं आणि मग एकदम भडकतं. तीच कडकड. कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाड्यांत मुख्य फवाऱ्याआधी थोडंसं डिझेल सोडतात, म्हणून त्या कमी वाजतात. मात्र नाशिकची गाडी जानेवारीत बराच वेळ कडकडली तर समजू शकते. गुहागरला मे महिन्यात तेवढीच कडकडत असेल, किंवा ती वेळ हळूहळू वाढत चालली असेल, तर नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड, तपासून घ्या.

पण "आवाज करणारच" या वाक्यावर मला बोलायचंय. त्या वाक्याने आमच्या घरचं एक इंजिन खाल्लं.

आम्ही देवगडकडचे. बाबांची भाताची गिरण होती, ऑइल इंजिनावर चालणारी. आवाज बदलला की बाबा जेवणावरून उठून जायचे, हे बघत मी मोठी झाले. पुढे दादाने आंब्यासाठी पिकअप घेतली. त्या वर्षी सीझनच्या आधीपासून डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या काडीवर, ऑइलची पातळी वाढत होती. घटत नव्हती, वाढत होती! दादा खूश. म्हणायचा, इंजिन थेंबभर ऑइल खात नाही. मी काडी हुंगली तर डिझेलचा वास. त्याला सांगितलं, तो ज्या गॅरेजला जायचा तिथल्या मिस्त्रीलाही सांगितलं. मिस्त्री माझ्याकडे न बघता दादाशीच बोलला, "डिझेल गाडीच्या ऑइलला डिझेलचा वास येणारच."

एप्रिलमध्ये पेट्या भरून रात्री वाशीला निघालो. मी क्लीनर साइडला. चिपळूण सोडून परशुराम घाट चढायला लागलो आणि खालून ठोका ऐकू आला. नेहमीची कडकड वरून येते, पातळ असते. हा खालून, जड, पायाखालच्या पत्र्यात जाणवणारा. दादाने रेस वाढवली की वाढायचा, पाय उचलला की क्षणभर दुहेरी वाजायचा. इंजिन चांगलं गरम, म्हणजे सकाळच्या थंडपणाचा प्रश्नच नाही. मी म्हटलं, "दादा, गाडी थांबव, ह्यो आवाज वेगळो हा." तो म्हणाला, "तुका काय कळता गो? डिझेल गाडी ती, आवाज करतलीच." लोट्याला चहाला थांबलो तेव्हा आयडलवर ऑइलचा लाल दिवा मिणमिणत होता. मी बोट ठेवून दाखवला. तो म्हणाला, सेन्सर गेला असेल.

कशेडीच्या चढात इंजिन जाम झालं. पेट्या दुसऱ्या गाडीत चढवून पोचवेपर्यंत बाजाराची वेळ टळली, आणि उरलेल्या सीझनला गाडी नाही. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, गेला, सगळं इंजिन बांधावं लागलं.

दादा आजही म्हणतो की एक बेअरिंग खराब निघालं, नशीब. नाही. एकच खराब असतं तर एकच झिजलं असतं. इंजिन उघडलं तेव्हा मी समोर उभी होते. चारही कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा वरचा थर उडाला होता आणि चेंबरमधलं ऑइल पाण्यासारखं पातळ होतं. नोझलना डिझेल देणाऱ्या पंपाच्या सीलमधून डिझेल ऑइलमध्ये उतरत होतं. पातळ ऑइल बेअरिंग आणि क्रँकच्या मध्ये टिकत नाही, धातूवर धातू घासतो आणि तो जड ठोका येतो. लोट्याला इंजिन बंद करून गाडी ओढून नेली असती तर कदाचित बेअरिंगवर भागलं असतं. सील तर त्याच्या कितीतरी आधी बदलता आलं असतं.

म्हणून आवाज मोठा की लहान यावर जाऊ नका. कशासोबत बदलतो ते बघा. रेसबरोबर वाढणारा, गरम झाल्यावर जास्त येणारा खालचा ठोका आला की किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं, पुढचा घाट चढायचा नाही. एकाच ताला-सुरात टकटक आणि सोबत पांढरा किंवा काळा धूर असेल तर नोझलवर संशय घ्या. क्लच दाबल्यावर आवाज येतो किंवा जातो, तर इंजिनाला हात लावू नका, दोष बहुतेक क्लच किंवा गिअरबॉक्सकडे आहे. पावसाळ्यात सकाळी बेल्ट किंचाळला आणि लगेच गप्प झाला तर ओलावा. रोजच किंचाळत असेल तर बेल्ट ढिला किंवा अल्टरनेटरचं, वॉटर पंपाचं बेअरिंग. टर्बोची बारीक शीळ नेहमीची. ती सायरनसारखी चढली, गाडी ओढेनाशी झाली, तर थांबा. घाट चढताना पंखा अचानक घोंघावतो, तो रेडिएटर तापल्यामुळे, ते ठीक आहे. आपल्याकडे खाऱ्या हवेने सायलेन्सरवरचे पत्रे सडतात आणि भयंकर खडखडतात. क्लॅम्प मारला की झालं.

घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं, तो आजार नाही, ते गाडी रोखून धरतंय. तो आवाज नको म्हणून न्यूट्रल करणाऱ्या, वर डिझेल वाचवायला इंजिनच बंद करणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत मी बसत नाही. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप इंजिनावरच फिरतो. इंजिन बंद पडलं की दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंत तो जोर संपतो आणि ब्रेक दगडासारखा होतो.

एक राहिलं. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत मिस्त्री चालू इंजिनावर नोझलच्या पाइपचा नट एकेक करून ढिला करतात आणि कोणत्या सिलिंडरला ठोका थांबतो ते बघतात. तुमची गाडी कॉमन रेलची असेल तर हे कुणालाही करू देऊ नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, ती धार कातडीतून आत शिरते. आणि हे सगळं मी कानाने सांगतेय, तुमची गाडी मी ऐकलेली नाही.

तुम्ही आज एवढं करा: गाडी सपाट जागी उभी करून थंड असताना डिपस्टिक काढा, पातळी बघा आणि हुंगा. सगळ्यात वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास असेल तर आवाज कितीही नेहमीचा वाटला तरी गाडी चालवू नका. वास नसेल तर सकाळच्या आवाजासाठी रात्री गाडी गॅरेजवरच ठेवा. घरून चालवत नेली तर पोचेपर्यंत ती गरम होते आणि मेकॅनिकला काही ऐकूच येत नाही. सकाळी पहिला सेल्फ त्याच्यासमोर मारा. तरीही तो बॉनेट न उघडता तेच वाक्य बोलला तर गॅरेज बदला.