मुंबईत घरामागे ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प कोंबड्या पाळता येतील का? उन्हात टिकतील का?

गोराईला घरामागे वाडी आहे, दहा ऑस्ट्रॉलॉर्प ठेवायच्या आहेत, काळा रंग मुंबईच्या उन्हात टिकेल का आणि वर्षाला तीनशे अंडी खरंच मिळतात का, असं तुम्ही विचारलंय. टिकतात. तीनशेचं पुढे सांगतो.

'काळी कोंबडी उन्हाने मरते' हे मी फार वर्षं ऐकतोय आणि ते चूक आहे. आंबा-फणसाची सावली असली की पिसांच्या रंगाने फारसं काही अडत नाही. मुंबईत कोंबडी जाते ती दमटपणाने. तिला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, घशातली ओल वाफ होऊन निघून जाते आणि अंग थंड होतं. मे महिन्यात आपल्याकडे हवाच वाफेने भरलेली असते, त्यामुळे ती ओल उडत नाही. विदर्भात चालणारे उपाय, म्हणजे ओलं गोणपाट, फॉगर, कूलर, इथे उलटे पडतात. इथे वारा लागतो. वारा पडला असेल तर पंखा लावा, पण कोंबडीच्या उंचीवर. खाद्य पहाटे आणि उन्हं कलल्यावर द्या, कारण पचनाची उष्णता दुपारी अंगात नको. पाणी माठातलं, दुपारी एकदा तरी बदललेलं.

आता खरा मुद्दा, पावसाळा. माझ्या काकांशी माझा यावरून जुना वाद आहे. ते म्हणतात, पाऊस लागला की खुराडं चारही बाजूंनी ताडपत्रीने बंद करायचं, पक्ष्यांना ऊब मिळते. जुलैत असं बंद खुराडं सकाळी उघडून बघा. उभ्याने काही जाणवत नाही. उकिडवं बसा, नाक जमिनीपासून फूटभरावर आणा, डोळे चुरचुरायला लागतात. तो अमोनिया. कोंबडी रात्रभर त्यातच श्वास घेते. दोन-चार दिवसांत डोळ्यांत पाणी, मग शिंका, मग घरघर, आणि मग माणूस दुकानातून पाण्यात टाकायचं औषध आणतो. काकांच्या कपाटात अशा पुड्यांचा ढीग आहे. औषधाने खाली अंथरलेलं ओलं तूस वाळत नाही. चार किलो वजनाच्या कोंबड्यालाही थंडीचा त्रास मुंबईत होत नाही. पूर्ण पिसं आलेल्या पक्ष्याला ऊब कसली द्यायची?

खुराडं असं बांधा. दहा पक्ष्यांना रात्रीसाठी सहा बाय चार फूट, दिवसा फिरायला निदान शंभर चौरस फूट. जोतं दीड फूट उंच. पावसाचा मारा नैऋत्येकडून असतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंती भरीव, बाकीच्या दोन बाजूंना खाली दीड फूट भिंत आणि वर जाळी. भरीव भिंतींनाही छपराच्या लगेच खाली वीतभर फट ठेवा, गरम हवा तिथून जाते. छपराचा पत्रा भिंतीच्या बाहेर तीन फूट आला पाहिजे. हे तीन फूट बहुतेक जण वाचवतात आणि ताडपत्रीची गरज तिथूनच सुरू होते. उन्हाळ्यात पत्र्यावर माडाचे झाप टाका.

खाली भाताचं तूस किंवा रंध्याचा भुसा, चार इंच. रोज सकाळी दाताळ्याने खालवर करा. मूठभर घेऊन आवळा: हात उघडल्यावर सुटं झालं तर ठीक, लाडू राहिला तर ओल जास्त आहे. ओला भाग त्याच दिवशी काढा, थोडा विझलेला चुना मिसळा, कोरडं तूस घाला. सगळ्यात आधी ओलं होतं ते पाण्याच्या भांड्याखालचं. भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा, पाणी सांडणं खूप कमी होतं.

हा आटापिटा रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस) टाळण्यासाठी. तिच्या जंतूंची अंडी विष्ठेतून पडतात, पण पडल्या पडल्या बाधा करत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत तयार होतात. मुंबईचा पावसाळा म्हणजे त्यांना हवं तेच. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पिसं फुगवून कोपऱ्यात बसली आणि विष्ठेत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी अँप्रोलियम हे औषध पाण्यातून सुरू करा, मात्रा पाकिटावरची. आणि तूस बदला, नाहीतर पुन्हा तेच. म्हणूनच पिल्लं जूनमध्ये आणू नका. ऑक्टोबरच्या अखेरीस आणलीत तर पावसाळा लागेपर्यंत तलंगा (तरुण कोंबड्या) मोठ्या होऊन अंड्यावर आलेल्या असतात.

जाळी अर्धा इंची वेल्डेड घ्या. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. घूस खालून पोखरते, म्हणून जाळीचा फूटभर पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीत आडवा पुरा. बसायची दांडी दीड फुटावर, दोन इंच रुंद. ही जात अंगाने जड. उंचावरून रोज उडी मारली की तळपायाला जखम होते आणि मग पुवाची गाठ. जड असल्याचा फायदाही आहे, पाच फुटी कुंपण त्या सहसा ओलांडत नाहीत. स्वभावाने शांत, मुलांच्या मागे मागे फिरतात. सकाळच्या तिरप्या उन्हात पाठीवर हिरवी झाक चमकते, ती बघण्यासाठी तरी या कोंबड्या पाळाव्यात.

पक्षी घेताना पाय उलटा करून बघा. ऑस्ट्रॉलॉर्पचा पाय काळपट, पण तळवा पांढरा, तुरा लालभडक, एकेरी, कातडी पांढरी. कडकनाथाचा तुरा, कातडी, जीभ सगळं काळं. बाजारात काळी दिसेल ती कोंबडी कडकनाथ म्हणून दुप्पट भावाने विकतात. पिल्लं ओळखायची तर पाठ काळी आणि पोट, पंखांची टोकं फिकट. आरे कॉलनीत केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचं केंद्र आहे, पिल्लं आणि प्रशिक्षणाबद्दल आधी तिथे चौकशी करा.

अंडी. १९२२-२३ साली ऑस्ट्रेलियात सहा ऑस्ट्रॉलॉर्प कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १८५७ अंडी दिली, म्हणजे प्रत्येकी तीनशेच्या वर. तो विक्रम खरा आहे, पण ती स्पर्धेतली निवडक पैदास होती. तुम्ही दोनशेच्या आसपास धरा. साडेपाच-सहा महिन्यांनी सुरुवात, पिसं गळताना काही आठवडे खाडा. दिवसाला माणशी म्हणतो तसं कोंबडीमागे ११० ते १२० ग्रॅम लेयर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य. भात-पोळी खरकटं म्हणून ठीक, पण तेच मुख्य खाद्य झालं की कोंबडी चरबीने भरते आणि अंडी बंद. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच खाद्य आणा, खाद्यातल्या मक्याला बुरशी लागते आणि बुरशीचं विष यकृतात जातं. कवचासाठी तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, कडक वाळवून, जाडसर कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा. हवं तेवढं त्या स्वतः खातात.

लसी चुकवू नका. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस) डोळ्यात एक थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची, अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा, सहा-आठ आठवड्यांत देवीची, आठ-दहा आठवड्यांत मानमोडीची आर-टू-बी. देवी डासांतून पसरते, त्यामुळे गोराईत ती लस चुकवून चालणार नाही. कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची येते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा आजूबाजूच्या कोंबडीवाल्यांना बरोबर घ्या. बर्फाच्या थर्मासशिवाय आणू नका.

राहिलं एक. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. पिल्लं काढायची नसतील तर ठेवूच नका, पहाटे चारला आरवतो आणि शेजारी तक्रार करतात. आणि पक्षी आणण्याआधी वॉर्ड ऑफिसात लेखी विचारून घ्या. तुमची वाडी आहे म्हणून निदान प्रश्न सोपा आहे. इमारतीच्या गच्चीवर हे सगळं करायला मी कुणाला सांगणार नाही, तिथला पत्रा मे महिन्यात खरोखरच मारतो.