रणगाडे असूनही आघाडी का हलत नाही?

प्रश्न : युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंकडे रणगाडे आणि तोफा असूनही आघाडी महिनोन्महिने फारशी सरकत नाही, याचे कारण ड्रोन आहेत असे वाचले. चारपाचशे डॉलरच्या यंत्राने एवढा फरक कसा पडतो? जॅमरने ते निकामी करता येत नाही का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ड्रोनच्या स्फोटकापेक्षा त्याच्या कॅमेऱ्याने अधिक फरक पाडला आहे. पूर्वी हल्ल्याआधी रणगाडे आणि तुकड्या आघाडीच्या मागे गुपचूप गोळा करता येत. आता टेहळणीचे ड्रोन आघाडीमागचा १०-१५ किलोमीटरचा पट्टाही सतत न्याहाळत असतात, त्यामुळे जमवाजमव सुरू होताच ती दिसते आणि काही मिनिटांत तोफेचा गोळा किंवा एफपीव्ही ड्रोन येऊन आदळतो. हा एफपीव्ही म्हणजे शर्यतीच्या चार पंख्यांच्या ड्रोनचाच भाऊबंद. चालक डोळ्यांवर गॉगल चढवून त्याच्या कॅमेऱ्यातून पाहतो आणि त्याला बांधलेले स्फोटक, पुष्कळदा आरपीजीचा (खांद्यावरून डागायच्या रणगाडाविरोधी शस्त्राचा) गोळाच, रणगाड्याच्या माथ्यावर किंवा मागच्या बाजूला, म्हणजे जिथे चिलखत पातळ असते तिथे, नेऊन धडकवतो. म्हणून रणगाड्यांवर लोखंडी पिंजरे चढले आणि हल्ले चारसहा सैनिकांच्या टोळ्यांनी, पायी किंवा मोटारसायकलवरून, होऊ लागले. एवढ्या माणसांनी झाडांची एखादी रांग ताब्यात घेता येते, पण फळी फोडून आत मुसंडी मारता येत नाही.

जॅमर ड्रोन आणि चालक यांच्यातल्या रेडिओलहरींना अडवतो आणि बराच काळ त्याचा उपयोगही झाला. मात्र २०२४ पासून ऑप्टिकल फायबरचे ड्रोन आघाडीवर आले. त्यांच्या पोटाशी बारीक तारेचे रीळ असते, ते उडताना उलगडत जाते आणि चालकाशी संबंध तारेतूनच राहतो, तेव्हा जॅमरला अडवायला लहरीच उरत नाहीत. आज तिथल्या शेतांवर आणि झाडांवर या तारा कोळिष्टकांसारख्या पसरलेल्या दिसतात. ड्रोनवर उतारा म्हणून खेरसोनसारख्या शहरांत रस्त्यांवर जाळी ताणली गेली, त्यांतली काही युरोपातल्या मच्छीमारांनी दिलेली जुनी जाळी आहेत.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या युद्धात सर्वांत बिकट झाले आहे ते जखमींना मागे आणणे. रुग्णवाहिकाही ड्रोनचे लक्ष्य होत असल्यामुळे पाय तुटलेला सैनिक रक्त थांबवण्याचा पट्टा आवळून खंदकात अंधाराची किंवा धुक्याची वाट पाहत पडून राहतो, कधी तर कित्येक दिवस, आणि पट्टा फार वेळ आवळलेला राहिला म्हणूनही अवयव कापावा लागतो.