बीपीची गोळी बंद, गुडघ्याची चालू

"बीपीच्या गोळीनं किडनी जाती म्हणतेत, खरंय का?" बीड जिल्ह्यात शुगर-बीपीच्या पेशंटांचं समुपदेशन करताना हा प्रश्न मला सारखा ऐकावा लागतो. त्यातल्याच एका घराची ही गोष्ट, ओळख पटणार नाही अशी सांगते.

आप्पांचं वय 63, शुगर जुनी. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी त्यांचं क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी कमी गाळते तेव्हा वाढतो) 1.2 वरून 1.4 झालं. गावात कुणीतरी म्हणालं, गोळी सोडा. त्यांनी सोडली. आमच्याकडे आले तेव्हा बीपी 158/92. "साठीनंतर एवढं राहतंच की, ताई. मला कुठं चक्कर येतीय?"

अहो, बीपी वाढलेलं बहुतेकांना कळतच नाही, आणि किडनी झिजताना दुखत नाही. मी विचारलं, "आप्पा, ठिबकला मोटारीचा दाब जास्त सोडला तर?" "नळ्या निसटत्यात." किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या बारीक वाहिन्या शुगरनं आधीच कमजोर झालेल्या असतात, त्यात हा दाब. टेल्मिसार्टन तो आतला दाब उतरवते, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन जरासं चढतं. 30 टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर धरूनच चालतात. आप्पांची 17 टक्के होती. वाढ त्यापुढे गेली किंवा पोटॅशियम चढलं तर औषध बदलावं लागू शकतं. ते वेळेत कळावं म्हणून तर ती रक्ततपासणी. खरी काळजी वेगळ्याच आकड्याची होती: लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीच्या गाळणीतून निसटणारं प्रथिन), 30 च्या आत हवं ते 180. त्याकडे घरात कुणाचं लक्षच नव्हतं.

"आणखी कुठल्या गोळ्या घेता?" म्हटल्यावर मुलानं पिशवीतून डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळीची पट्टी काढली. कापूस वेचणीपासून गुडघ्यासाठी रोज दोन, मेडिकलवरून परस्पर आणलेल्या. मला फार वाईट वाटलं. किडनी राखणारी गोळी बंद आणि तिला इजा करणारी रोज पोटात!

डॉक्टरांनी टेल्मिसार्टन पुन्हा सुरू केली, डायक्लोफेनॅक थांबवली. बीपी 130/80 च्या खाली आणायचं ठरलं. फार थकलेल्या, उठताना तोल जाणाऱ्या म्हाताऱ्यांना डॉक्टर थोडी सूट देतात. आप्पा अजून शेतात राबतात. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या तर गोळी घ्यायच्या आधी विचारा, हेही बजावलं. मीठ कमी करा म्हटल्यावर लोणचं-पापडावर मात्र आप्पा कुरकुरले.

मग मुलाचं बीपी घेतलं: 146/94. वय 37, शुगर त्यालाही. "माझं काय वय आहे का, ताई?" त्याच्याशी मी आप्पांपेक्षा जास्त वेळ बोलले. आप्पांच्या वयात डायलिसिसच्या आधी हृदयविकाराची भीती मोठी असते. पण तिशीत शुगर लागलेल्याच्या किडनीला हा दाब पुढची तीस-चाळीस वर्षं सोसायचा असतो. शुगर कळल्यापासून दरवर्षी व्हायला हवी ती लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी त्यानं एकदाही केली नव्हती, कारण "लघवीला काही त्रास नाही." त्याच दिवशी त्याचा नमुना घेतला, आणि बीपी पुन्हा मोजायला पुढच्या आठवड्यात आप्पांबरोबरच बोलावलं.