जेवताना एकाच गालाला घाम?

प्रश्न: कानाखालच्या लाळग्रंथीची गाठ काढली त्याला वर्ष झालं, आता लोणचं ताटात पडलं की त्याच बाजूचा गाल लाल होऊन घामाने निथळतो, दुसरा कोरडा ठणठणीत. घरचे म्हणतात तिखट सोड.

उत्तर: तिखटाला उगाच बदनाम करू नका हो! हा फ्रे सिंड्रोम वाटतोय, पोलिश डॉक्टर लुत्सिया फ्रे यांनी १९२३ मध्ये मांडलेला. ऑपरेशनमध्ये लाळग्रंथीकडे मेंदूचा निरोप नेणाऱ्या नसा कापल्या जातात आणि परत वाढताना चुकून घामाच्या ग्रंथींना जुळतात, मग तोंडाला पाणी सुटायच्या वेळी गालालाही घाम फुटतो. खात्रीसाठी गालावर आयोडीन लावून वर स्टार्च भुरभुरतात, आंबट चघळायला देतात, घामाची जागा निळीकाळी पडते. धोका नाही. फारच त्रास असेल तर बोटॉक्सची इंजेक्शनं, पण असर काही महिनेच, आणि खिशालाही जड.