उतरताना उसळलेले विमान : नव्या शिकाऊ वैमानिकास

इंदूरला प्रशिक्षण सुरू केलेत याचा मनापासून आनंद झाला. लँडिंगची धास्ती वाटते असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून सुरुवातीला जपायच्या तीनच गोष्टी सांगतो; आडव्या वाऱ्याचे तंत्र तूर्त राहू द्या.

१. वेग. सेसना १७२ हे छोटे प्रशिक्षण विमान पूर्ण फ्लॅपवर (पंखांमागच्या झडपा पूर्ण खाली सोडून) उतरवताना तो ६० ते ७० नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) दरम्यान हवा. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १८५० फुटांवर असल्यामुळे मे महिन्यातल्या दुपारी हवा विरळ होते, वेगदर्शक तोच आकडा दाखवत असला तरी विमान प्रत्यक्षात अधिक वेगात असते, जमीन नेहमीपेक्षा जोरात मागे पळताना दिसते आणि नवशिका घाबरून वेग कमी करतो. अशा वेळी डोळ्यांपेक्षा वेगदर्शकावर विश्वास ठेवा.

२. शेवटच्या वळणात धावपट्टीची रेषा ओलांडली गेली, तर रडर (शेपटीवरचे सुकाणू) दाबून विमान ओढून आणू नका. तिथे स्टॉल झाल्यास, म्हणजे पंखांची उचल अचानक घटल्यास, सावरायला उंचीच उरत नाही.

३. उसळी. माझ्या एका सहाध्यायाने उसळलेले विमान बळेच खाली दाबले, तेव्हा पुढचे चाक दुमडले आणि प्रोपेलरची दोन्ही पाती टोकाशी वाकली. धातू घासल्याचा तो आवाज मला अजून आठवतो. मोठी उसळी बसताच थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा) पूर्ण पुढे करा, विमानाचे नाक फार वर जाऊ देऊ नका, फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर घ्या आणि पुन्हा फेरी मारून या. यात कमीपणा मुळीच नाही. पुढच्या उड्डाणात प्रशिक्षकांना सांगून अशा दोन फेऱ्या मुद्दाम करून घ्या.