‘रिबेका’ : खुनी सुटावा असे वाचकाला का वाटते?

डाफ्ने ड्यू मॉरिए यांची ‘रिबेका’ ही इंग्रजी कादंबरी १९३८ साली प्रसिद्ध झाली. प्रेमकथा म्हणून सुरू होणाऱ्या आणि खुनापाशी येऊन ठेपणाऱ्या या कादंबरीविषयी आपली मते कळवावीत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. रहस्य उलगडल्याखेरीज ही उत्तरे देता येत नाहीत. म्हणून ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी हे पान तूर्त बाजूला ठेवावे, ही विनंती.

प्रश्न : निम्म्याहून अधिक पुस्तक संपले तरी गुन्ह्याचा पत्ता नाही. एका बुजऱ्या मुलीची सासरी होणारी घुसमट तेवढी वाचायला मिळते. मग हिला थरारकथा का म्हणायचे? – एक वाचक, सांगली

उत्तर : संथपणाची तक्रार आणखी काही पत्रांतही आहे, परंतु आम्हाला ती पटत नाही. एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण म्हणून माँटे कार्लोला आलेली तरुणी तिथे भेटलेल्या मॅक्सिम डी विंटर या वयाने बऱ्याच मोठ्या विधुराशी लग्न करते आणि कॉर्नवॉलमधील त्याच्या मँडर्ली या वाड्यात राहायला येते. त्याची पहिली पत्नी रिबेका समुद्रात बुडून गेली, एवढेच तिला ठाऊक असते. सकाळच्या बैठकीत फोन वाजतो, पलीकडून मिसेस डी विंटर यांची चौकशी होते, आणि ही गोंधळून सांगते की मिसेस डी विंटर यांना जाऊन वर्ष उलटले. आता ते नाव आपलेच आहे, हे तिच्या ध्यानातही येत नाही. पुढे तिच्या हातून चिनी मातीची एक मौल्यवान मूर्ती फुटते, तेव्हा घरची मालकीण असूनही ती तुकडे गोळा करून खणात मागे दडवते आणि चोरीचा आळ नोकरावर येऊ लागल्यावरच कबुली देते. गुन्हा उघडकीला येण्याच्या कितीतरी आधी अपराधीपणा आणि लपवाछपवी या घरात नांदत असते, आणि ज्या मुलीने काहीही केलेले नाही तीच गुन्हेगारासारखी वावरत असते. उत्तरार्धात नवऱ्याने केलेला रिबेकाचा खून दडवायची वेळ येते, तेव्हा ती इतक्या सहज कशी तयार झाली, याचे उत्तर त्या खणात आहे.

कथानकाची बांधणीही पाहण्यासारखी आहे. वाड्याची कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स नायिकेला उघड्या खिडकीपाशी उभी करून खाली उडी टाकण्यास चिथावत असते, तेवढ्यात खडकाला लागलेल्या जहाजासाठी इशाऱ्याचे बार होतात आणि तिची तंद्री मोडते. त्याच जहाजाच्या पाहणीसाठी उतरलेल्या पाणबुड्याला रिबेकाची बुडालेली नौका आणि त्या नौकेच्या खोलीतील मृतदेह सापडतो. बायकोचा जीव वाचवणारी घटनाच नवऱ्याला फासाच्या दोरापर्यंत घेऊन जाते. योगायोग इतका नेमका बेतलेला क्वचितच वाचायला मिळतो.

प्रश्न : मॅक्सिम खुनाची कबुली देतो तेव्हा नायिकेला आनंद कशाचा होतो, तर त्याचे रिबेकावर प्रेम नव्हते याचा! मला या जागी तिचा संताप आला आणि पुढे स्वतःचाही, कारण तो सुटावा असे मलाही वाटू लागले. लेखिकेला हेच अभिप्रेत होते का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपला संताप रास्त आहे आणि या कादंबरीवर आलेल्या पत्रांत तो आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला. लेखिका स्वतः या पुस्तकाकडे प्रेमकथा म्हणून न पाहता मत्सराचा अभ्यास म्हणून पाहत असे. नायिका तीनशेहून अधिक पानांच्या या गोष्टीत एकाच शंकेने पोखरली जाते, की नवऱ्याचे मन अजून मृत पत्नीपाशी आहे. ती शंका फिटते त्या क्षणी खून तिला दुय्यम वाटतो. कथा तिच्याच तोंडून ऐकल्यामुळे आपणही तिच्यासारखे हलके होतो, आणि नौका बांधणारा टॅब चौकशीत सांगतो की तळाला मुद्दाम भोके पाडलेली होती, तेव्हा आपला जीव मॅक्सिमसाठी वर-खाली होतो.

मात्र एक गोष्ट तपासून पाहावी. रिबेका कशी होती हे वेगवेगळी माणसे सांगतात, पण त्या रात्री काय घडले हे सांगणारा एकटा मॅक्सिम आहे. तिने आपल्याला डिवचले, दुसऱ्याच्या मुलाला वारस करण्याची भाषा केली, हे सारे त्याचे म्हणणे. पुढे लंडनच्या डॉक्टरांकडून कळते की तिला असाध्य कर्करोग होता आणि मूल होणे शक्यच नव्हते. या माहितीने आत्महत्येच्या निकालाला बळ येते आणि मॅक्सिम सुटतो. पण मरणाच्या दारी असलेल्या स्त्रीवर गोळी झाडली गेली, हेही त्याच माहितीतून सिद्ध होते. मँडर्ली जळते, नवरा-बायको परदेशी हॉटेलांत दिवस काढतात. ही शिक्षा पुरेशी आहे असे आम्हाला वाटत नाही, आणि लेखिकेनेही तसा दावा कुठे केलेला नाही.

प्रश्न : चित्रपटात नवऱ्याने खून केलेला दाखवत नाहीत. असे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : हिचकॉक यांच्या १९४० सालच्या चित्रपटाच्या वेळी हॉलिवूडमध्ये निर्मितिसंहिता (पडद्यावर काय दाखवावे, काय नाही याची नियमावली) लागू होती आणि पत्नीचा खून करणारा नायक शिक्षेवाचून सुटलेला दाखवणे तिच्यात बसत नव्हते. त्यामुळे तिथे रिबेका पडून डोक्याला मार लागल्याने मरते. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले आणि ते योग्यच होते, परंतु पुण्याच्या वाचकांना पडलेला पेच त्यात शिल्लकच राहत नाही.

प्रश्न : हिंदीत या कथेवर काही आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बिरेन नाग यांचा ‘कोहरा’ (१९६४) या कथेवर बेतलेला आहे. वहिदा रेहमान आणि बिस्वजीत यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत, आणि मिसेस डॅन्व्हर्सच्या जागी दाईमाँ म्हणून आपल्या ललिता पवार आहेत. त्यांच्यासाठी तो आवर्जून पाहावा.